केसाएवढा तडा

पाइपांनी भरलेले दोन ट्रेलर फाटकाशी उभे होते आणि धाकटी सही करत नव्हती.

मोठा भाऊ तणतणत प्रयोगशाळेत शिरला. कारखाना त्याचा, पण पोलादाची जात पारखून पाइप पास करायचे ते या बहिणीने.

"खेचून पाहिलंस ना? मागितली त्याहून जास्त ताकद निघाली. मग घोडं अडलं कुठे?"

"तिथेच अडलंय, दादा." तिने धुऊन पुसून ठेवलेली पोलादाची वाकवलेली पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. "या लाइनीतून गंधकाचा विषारी गॅस जाणार. पोलाद जितकं कडक, तितकं तो त्याला आतून ठिसूळ करतो. ज्या प्लेटी वळवून हे पाइप केले, त्या थंड करताना घाई झालीय. जागोजागी नको तेवढ्या कडक झाल्यात. ही पट्टी त्याच गॅसात ठेवली होती. बघ."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. वाकलेल्या पाठीवर केसाएवढा तडा होता.

"एवढासा? अगं, गिऱ्हाईक चालवून घेतंय. आत्ताच फोन झाला."

"त्यांना चालेल. गॅसला चालणार नाही. आणि त्या लाइनीच्या कडेला माणसं राहतात."

"मग मी दुसऱ्या कुणाची तरी सही घेतो!"

"घे." तिचा आवाज चढला नाही. "साध्या तेलाची लाइन असती तर हेच पाइप मी हसत पास केले असते. या लाइनीसाठी नाही करणार."

ती वळली आणि पुढची पट्टी पकडीत बसवू लागली. तो बघत राहिला. आपण ओरडलो की कारखान्यातली भलीभली माणसं माना डोलावतात. ही मात्र पकडीचा स्क्रू पिळत होती.

त्याने पट्टी अलगद टेबलावर ठेवली, बाहेर आला आणि क्रेनवाल्याला हाक मारली. "उतरवा! सगळे पाइप खाली घ्या."

पहिला पाइप हवेत झुलत असतानाच फोन वाजला. गिऱ्हाईक भडकलं होतं. "अहो, आम्ही हो म्हणतोय, तुम्ही मालक. मग माल अडवला कुणी?"

"माझ्या धाकट्या बहिणीने," तो म्हणाला. क्रेनच्या खडखडाटात ऐकू गेलं नसेल असं वाटून त्याने ते पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.