पहिल्या रांगेतली झोप

संगीत विद्यालयाच्या शेवटच्या परीक्षेत व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, तेव्हा तिची बोटं गारठली होती. घरचं कुणी एवढ्या लांब येणं शक्य नव्हतं, म्हणून पहिल्या रांगेत घरमालकीण काकू आणि त्यांचे यजमान ठेवणीतले कपडे घालून बसले होते.

ती वाजवू लागली आणि थोड्याच वेळात काका चक्क घोरू लागले. परीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. काकू शरमेनं अर्ध्या झाल्या आणि नवऱ्याला कोपरानं ढोसू लागल्या. तिनं वाजवता वाजवताच काकूंना डोळ्यांनी विनवलं, राहू द्या.

खोली भाड्यानं घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं काकूंना भीत भीत विचारलं होतं, "माझ्या रियाझाचा काकांना त्रास होत नाही ना?"

"त्रास कसला! आजारपणापासून बिचाऱ्यांची झोपच उडाली होती. आता तू वाजवायला लागलीस, की लागतो जरा डोळा. फक्त सूर चुकला, की ताडकन उठून बसतात!"

काका घोरत राहिले, तशी तिची बोटं मोकळी होत गेली. अवघड जागा आल्या आणि गेल्या. काका जागचे हलले नाहीत.

शेवटचा सूर विरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकांकडे वळण्याआधी ती पहिल्या रांगेकडे बघून मनापासून वाकली.

काका दचकून जागे झाले होते.

"काय गं पोरी, कुठं चुकलं?"