भोंगा आहे तोवर

मेकॅनिकने भांडी घासायच्या तारेच्या घासण्या एकामागून एक सायलेन्सरच्या तोंडात कोंबल्या आणि काठीने आत दाबल्या.

"काका, आता कशी मांजरासारखी गुरगुरेल बघा. तपासणी झाली की ओढून काढू. पुन्हा वाघ."

"आणि धूर?"

"धुराचं देवाला माहीत. मूळ सायलेन्सरात धूर गाळायची सोय असते. ह्यात काय आहे? नुसता बोगदा."

बापाने मोटारसायकलच्या सीटवरून उगाच हात फिरवला. गाडी पोराची. हा मोकळा सायलेन्सर, गल्लीच्या भाषेत भोंगा, पोराने आणि ह्या मेकॅनिकने मिळून हौसेने बनवला होता. आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की आईच्या खाटेजवळचा औषधाचा कप चालत चालत फळीच्या कडेला यायचा. समोरच्या घरातलं बंद पडलेलं घड्याळ म्हणे त्या दणक्याने चालू झालं.

आई वैतागली. "हा भोंगा गाडीला आहे तोवर मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. शपथ."

पोरगाही तिचाच. "नको बोलूस," म्हणाला आणि वरच्या खोलीत राहायला गेला.

मग आईची डावी बाजू गेली. ती दवाखान्यात असतानाच पोराला ताप चढला, आणि त्या तापातच तो गेला. डॉक्टर बापाला म्हणाले, "इतक्यात सांगू नका. त्यांना सोसायचं नाही." ते इतक्यात काही संपलंच नाही.

तेव्हापासून बाप रोज संध्याकाळी पोराची गाडी घेऊन येतो. वळणावर पोरासारखीच मूठ दोनदा पिळतो. पोराचे जड बूट घालून बाहेरच्या जिन्याने धाडधाड वर जातो, दार आपटतो. मग अनवाणी, चोरपावलांनी खाली उतरतो आणि घरात येऊन विचारतो, "काय गं, आला का तो?"

"आला की. कान फुटले का तुमचे?" ती म्हणते. मग जरा थांबून, "जेवला का, विचारा."

तो वर जातो, रिकाम्या खोलीत उभा राहतो, खाली येतो. "हो म्हणतोय."

"तक्रार केली कुणी, काका?" मेकॅनिकने विचारलं.

"समोरचा कारकून. नवाच राहायला आलाय. त्याला काय माहीत कोण मेलं नि कोण जगलं. त्याला बघतोच मी."

"नापास झालो तर मूळ सायलेन्सर लावावा लागेल. आणि आवाज गेला, की काकूंची शपथ सुटली."

"तेच तर, बाबा."

तपासणीच्या शेडमध्ये रांग होती. तपासनीस बाईंनी यंत्राची नळी सायलेन्सरात घातली. नळी आत जाईना. धूर बाहेर येतो तिथूनच नळी आत जाते, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बाईंनी चिमट्याने एक घासणी ओढली. मग दुसरी. मग आणखी. रांगेतले लोक हसायला लागले.

"आजोबा, घरी भांडी कशाने घासता मग?"

बाप हसला नाही. घासण्या निघाल्या, नळी गेली आणि यंत्रावरचा काटा थेट टोकाला जाऊन बसला.

"गाडी कुणाची?"

"मुलाची."

"तो कुठंय?"

"कामाला," बाप सवयीने म्हणाला.

"तक्रारीची गाडी आहे. भोंगा आम्ही मोडून टाकतो. मूळचा लावा, मगच गाडी बाहेर जाईल."

"ताई, गाडी ठेवून घ्या हवी तर. भोंगा तेवढा परत द्या."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "लोक उलटं मागतात हो, आजोबा."

शेडमधल्या दाबयंत्राने भोंगा चपटा केला. मेकॅनिकने मान खाली घालून गॅरेजमधून मूळ सायलेन्सर आणून बसवला. गाडी पास झाली.

"दुसरा बनवशील?" बाहेर आल्यावर बापाने विचारलं.

"बनवीन. पण तो आवाज नाही यायचा, काका. त्यात निम्मा हात तुमच्या पोराचा होता."

गल्लीच्या तोंडाशी बापाने इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत आणली. गाडी दुरुस्तीला टाकलीय, आठवडाभर आवाज नाही, असं सांगायचं. पुढचं पुढे. बूट त्याने पिशवीतच ठेवले.

आत आला तर बायको उशीला टेकून बसलेली. केस विंचरलेले. कप फळीच्या मधोमध, होता तिथेच.

"गाडी दुरुस्तीला—"

"थापा नका मारू. ढकलत आणली त्यानं, चाकं ऐकू आली मला. भोंगा गेला ना?"

बाप मटकन स्टुलावर बसला. "गेला. त्या समोरच्याचं तळपट होवो."

"त्यांना काही बोलू नका. खिडकीतून हाक मारून मीच करायला लावली तक्रार." ती हसली, चेहऱ्याच्या उजव्या बाजूने, तेवढंच हसता येतं तिला. "शपथ काही मोडवेना हो माझ्याच्यानं. म्हटलं, भोंगाच मोडू दे. आता बोलवा त्याला खाली."