रापणीचा आठवा वाटा

"कोणाचो इश्वास बसाचो नाय," म्हणतच आंतोनने कागद उलगडला. उभ्या जन्मात त्याने एकही गोष्ट दुसऱ्या शब्दांनी सुरू केली नव्हती.

"बसूक नकोच," नम्रता म्हणाली. "काका, अंक अद्भुत कथांचो. घडलेली गोष्ट छापूची नाय, ह्यो नियम."

देवबागच्या वाचनालयाच्या अंकाची ती संपादक. नव्या पोरांच्या गोष्टी, कविता सगळ्या लागल्या होत्या. बऱ्याच वर्षांनी पुन्हा लिहिणाऱ्यांसाठी एकच पान उरलं होतं. आंतोनची शेवटची गोष्ट छापून आली त्याला बावीस वर्षं झालेली. हे पान हुकलं, तर तो नुसता थापाड्या म्हणूनच मरणार होता.

"सायबिणीची आण," गळ्यातल्या मेरीमातेच्या पदकाला हात लावून तो म्हणाला आणि जरा अडखळला. आजवर थापा खऱ्या असल्याच्या आणा घेतल्या, ही उलटी पहिलीच. "ह्यातलां एक अक्षर खरां नाय."

मागच्या बाकावर बायको मारियान पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला बाजार गाठायचा होता.

आंतोन वाचू लागला. सकाळची रापण. सातजण जाळं किनाऱ्याकडे ओढतायत, आणि एकाएकी दोर हलका लागतो. मागे बघतात तर आठवा! हिरवागार, माडाएवढा उंच, एकेका पायाला तीन-तीन गुडघे. त्याचं यान वाळूत उभं. पर्यटकांना वाटलं, पाण्यावरचा नवा खेळ आला. दोघं रांगेतही लागले.

जाळं आलं, वाटे पडू लागले. रापणीचा म्होरक्या बाबली तांडेल अडून बसला, "ह्यो खंयचो? ह्याका वाटो कसलो?"

"दोराक हात लावलो मां? मगे वाटो तेचो," कथेतला नायक ठणकावतो. आकाशातून आला म्हणून काय रीत मोडायची? बांगड्यांचा आठवा वाटा पडला. पण पाहुण्याची बोटं बुळबुळीत, मासा धरवेना. तेव्हा नायक धावत घरी गेला आणि तांब्याचा, एक कान तुटलेला टोप घेऊन आला. पाहुण्याने टोप छातीशी धरला, सगळ्या गुडघ्यांत वाकून नमस्कार केला आणि तो वर गेला, तो गेलाच.

नम्रता खो खो हसली. पेनाचं टोपण काढत म्हणाली, "पान तुमचां, काका! पण सगळी मनातलीच मां?"

"सगळी," आंतोन छाती काढून म्हणाला. "पयल्यापासून शेवटापर्यंत."

मागचा बाक करकरला. मारियान उभी राहिली होती.

"खोटारड्या मेल्या! एका कानाचो टोप! माझ्या आवशीचो, म्हायेरचो! आणि माका सांगलंस, भरतीच्या पाण्यान व्हावान नेल्यान म्हणान!"