उन्हातला निळा

अंगणात खेळणाऱ्या मायाचे ओठ निळे पडले आणि अंबूबाईच्या हातातलं सूप निसटलं.

"आकाराम, पळ रं. पोरीला पान लागलं."

साप चावला असं त्या घरात कुणी तोंडानं म्हणत नाही. पान लागलं म्हणायचं. अंबूबाई तशी भिणारी बाई नव्हे, लांडग्यामागं काठी घेऊन धावलेली. पण नातीकडं धावताना सांडलेल्या ज्वारीवर पाय पडला तरी तिला कळलं नाही.

आकाराम मेंढरं सोडून धावत आला. दीड वर्षाच्या लेकीला त्यानं घरात नेलं, हात, पाय, बोटांच्या बेचक्या, सगळं चाचपलं. दाताची खूण कुठंच नव्हती. बघता बघता ओठ होते तसे झाले.

"तरी बी दवाखान्यात दावतो," म्हणत त्यानं तिला बाहेर काढलं. उन्हात जरा थांबला, तर ओठ पुन्हा निळे.

"आत आण आदी," अंबूबाई म्हणाली. "भाईरचं वारं हाय. घरात बरी हुती." मायाला घेऊन ती देव्हाऱ्यापुढं बसली.

आकारामची बहीण शिवांजली सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्राचं संशोधन करायची. काल अंधार पडल्यावर ती आटपाडीला घरी आली होती. अंगणात तिला स्वतःची ओढणी दिसली. मायानं ती आत्याच्या पिशवीतून ओढून काढली होती आणि एक टोक चघळून ओलं केलं होतं. त्या टोकावर निळा डाग होता. प्रयोगशाळेत उजेड चालत नाही म्हणून काम अंधारातच व्हायचं. तिथं तिनं ओढणीला हात पुसले, तेव्हा डाग दिसलाच नव्हता. तिनं आकारामला गाठलं.

"दादा, साप न्हाई. माझं रसायन हाय ते. उन्हात त्याच्या कणांची जोडी तुटती, एकटा कण निळा दिसतो. सावलीत जोडी परत जमती आन् रंग जातो. पण निस्ता रंग जातो. रसायन तिथंच ऱ्हातं."

"इखारी हाय का?"

"ठाऊक न्हाई. अजून कुणी खाऊन बघितलेलं न्हाई."

ओला फडका घेऊन ती देव्हाऱ्यापाशी धावली, तोवर अंबूबाईनं बिरोबाचा भंडारा, देवापुढची हळद, मायाच्या कपाळाला लावला होता आणि चिमूटभर तिच्या जिभेवर ठेवला होता. लेकराला काही झालं की त्या घरात पहिलं हेच. माया मिटक्या मारत ओठ चाटत होती.

"आता ने उन्हात," अंबूबाई म्हणाली.

आकारामनं नेलं. बराच वेळ झाला तरी ओठ निळे झाले नाहीत. आकाराम लेकीला छातीशी धरून रडला.

"राखलं देवानं," म्हणत अंबूबाई सांडलेली ज्वारी भरायला लागली.

शिवांजलीनं मायाची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं केलं.

"आ कर, बाळा."

आत्याला खूश करायला मायानं मोठा आ केला. हळदीखाली तिची जीभ हळूहळू निळी होत गेली, पार आत घशापर्यंत.