चार ढगाळ दिवस

डोंगरातल्या कोणत्या आरोग्य केंद्राला सौर पॅनेल पुरतील, कुठे मोठी बॅटरी लागेल आणि कुठे डिझेल जनरेटरच बरा, याचं गणित जरीना शेख यांनी सहा वर्षं खपून मांडलं होतं. तीन पत्रं पाठवूनही तो जाडजूड अहवाल आरोग्य खात्यात कुणी वाचेना, म्हणून आणखी दोन वर्षं घालून त्यांनी त्याचं ॲप केलं. आकडा बदलला की उत्तर लगेच पडद्यावर.

ते दाखवायला त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात खात्यातल्या बारा अधिकाऱ्यांना बोलावलं. आले एकटे दिगंबर परचुरे.

"सलग चार दिवस ढगाळ गेले तर?" त्यांनी विचारलं.

जरीनांनी आकडा बदलला. "बॅटरी दुप्पट लागेल, सर."

"आणि चौथ्या रात्री कुणाचं बाळंतपण निघालं तर?"

आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. परचुरे दोन तास बसून राहिले, एकेका केंद्राची माहिती स्वतः भरत गेले. शेवटी तातडीच्या चौदा केंद्रांची यादी तयार झाली. जरीनांना कितीतरी दिवसांनी जरा हलकं वाटलं.

"मग सर, या यादीवर आपली सही कधी होईल?"

 

"माझी सही आता चालत नाही, मॅडम, मार्चमध्येच निवृत्त झालो, तुमची तिन्ही पत्रं माझ्याच टेबलावर होती, पण नोकरीत असताना वाचायला वेळ मिळाला नाही."