मॉडरेटरपदासाठी अर्ज

"दोन खेळाडू भांडले तर तुम्ही काय कराल?" मॉडरेटरच्या अर्जातल्या या शेवटच्या प्रश्नापाशी निवृत्त शिक्षक दिगंबरराव अडले.

हा ऑनलाइन गेम त्यांची लेक चालवायची. चार वर्षं तिने अबोला धरला होता. गेममधल्या गावात ते खोट्या नावाने पोस्टमन झाले होते. मॉडरेटर झालं, की कामापुरतं का होईना, ती रोज बोलणार होती.

शेवटी त्यांनी लिहिलं, "दोघांचं पूर्ण ऐकून घेईन. मी एकदा आपलंच खरं केलं, आणि समोरचं माणूस घर सोडून गेलं."

तासाभराने तिचं उत्तर आलं. "अर्ज नामंजूर."

ते लॅपटॉप मिटणार, तोच खाली दुसरी ओळ उमटली.

"नियम आहे. घरच्या माणसांना मॉडरेटर करत नाही, बाबा."