दिलेली शांती

"एकमेकांना शांती द्या!" फादरांनी वेदीवरून सांगताच कतरीनने सवयीने मागे वळून "शांती असो" म्हणत हात जोडले, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या बाकापाशी धाकटी जाऊ उभी होती. एरवी ती देवळात डावीकडे बसायची, म्हणूनच तर कतरीन उजवीकडे. आज मेली इथे कशी?

"तुम्हालाही शांती, जाऊबाई," जाऊ हळूच म्हणाली.

बांधावरून भांडण झाल्यापासून कतरीनने सामाईक विहिरीच्या पंपाला कुलूप घातलं होतं. जावेचा मोगरा पाण्यावाचून करपत होता. करपू दे!

रविवारची मिस्सा संपल्यावर ती तणतणत घरी आली. भाताचं पातेलं आपटत म्हणाली, "तिला शांती देऊन बसले मी!"

नवरा हसला. "चुकून दिलीस. मनापासून थोडीच?"

"देवासमोर दिली ना? मग आता परत कशी घेऊ?"

खुंटीवरची किल्ली ओढून ती तरातरा शेजारी गेली आणि जावेच्या ओट्यावर किल्ली आदळली.

"घे! जगव तुझा मोगरा. पण पुढच्या रविवारी माझ्या मागे बसलीस तर याद राख! पुन्हा शांती देताना बांधसुद्धा देऊन बसेन."